स्थळ, भाडेकरू आणि पाळणाघर
परवा सोसायटीत नवा भाडेकरू आला. आधार, फोटो, पोलीस पडताळणी. बिचाऱ्याचं कपाट सेक्रेटरींनी तासभर जिन्यातच अडवलं. त्याच जिन्याने रोज आठ-दहा पोरं पहिल्या मजल्यावरच्या पाळणाघरात जातात. तिथे नवा मदतनीस आलाय, त्याचं आडनावही कुणाला ठाऊक नाही. ‘अहो, ओळखीतलाच आहे.’ ओळखीतला! मुलीला स्थळ आलं की मुलाच्या आत्याच्या सासरपर्यंत चौकशी करणारे आपण, इथेच नेमकी भीड पडते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून जपणाऱ्या पोक्सो कायद्याच्या २०२०च्या नियमांत शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादम्या अशा सगळीकडे, कंत्राटी माणसांसकट, पोलीस पडताळणी सक्तीची आहे, तीही ठरावीक काळाने पुन्हा. महाराष्ट्राला जाग आली ती ऑगस्ट २०२४मध्ये, बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्यावर. तिथला आरोपीही कंत्राटी सफाई कामगारच. पडताळणीचा दाखला म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, आधी सापडलेल्यांनाच तो अडवतो. पण तेवढ्यांना तरी अडवा की! मी पाळणाघरवाल्या काकूंकडे दाखला मागितला. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी म्हणाल्या, ‘त्याचा अर्ज भरलाय. आता तुमचाही आणा आजोबा, नातवाला न्यायला आलात की तासभर इथेच बसता!’