कोला कोणी फोडायचा?

1981 ते 84 मी एनुगूजवळच्या एका शाळेत फिजिक्स शिकवत होतो. त्या काळी नायजेरियात भारतीय मास्तर ढिगाने होते. एकदा सहकाऱ्याच्या गावी बैठकीला गेलो. लाकडी ताटलीत कोलाच्या बिया आल्या. ताटली हातोहात फिरली, सर्वांत वयस्कर दिसणाऱ्या पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याला वगळून पुढे सरकली आणि त्याच्या मुलाच्या वयाच्या माणसाने आशीर्वाद म्हणत बी फोडली. (आशीर्वाद तिथल्या इग्बो भाषेतच, कोलाला इंग्रजी कळत नाही म्हणे.) वाटणीत म्हाताऱ्यालाही तुकडा मिळाला. तो कडवट तुकडा तो बराच वेळ चघळत बसला.

‘‘ते ओहू,’’ बाहेर आल्यावर सहकारी हळूच म्हणाला.

ओहू म्हणजे विकत घेतलेल्या गुलामांचे वंशज. अमादी म्हणजे जन्माने स्वतंत्र. दोघांची भाषा एक, चर्चही एकच. एनुगूजवळच्या याच न्कानू भागात ओरुकू आणि उमुओदे या दोन वस्त्या शेजारी शेजारी आहेत. उमुओदेवाले ओहू, असं ओरुकूवाले मानतात. 1990 च्या दशकापासून तिथे घरं जळताहेत, माणसं मरताहेत. डिसेंबर 2020 मध्ये ओरुकूच्या इग्वेचा, म्हणजे राजाचा, खून झाला.

बातम्यांत याला ‘जमिनीचा वाद’ म्हणतात. मला ते पटत नाही. जमीन आहेच, पण बांध मोजणीने ठरतो. गावाच्या गादीवर कोणाचं पोर चालेल, हे कोणता मोजणीदार सांगणार? सरकारने उमुओदेला वेगळं स्वायत्त गाव केलं. आता वेगळ्या गावाला वेगळी जमीन हवी, आणि ती द्यायची कोणी? त्यांनी मान मागितला होता, हाती हद्द आली, आणि मग भांडायला हद्दच उरली.

आग तशी जुनी आहे. एनुगूच्या कोळसा खाणींत रोख मजुरी मिळू लागली, तेव्हा 1920 च्या दशकातच न्कानूतल्या ओहूंनी फुकट राबायला नकार दिला होता. तेव्हाही रक्त सांडलं. देवाला वाहिलेल्यांच्या वंशजांना, ओसूंना, वाळीत टाकणारी प्रथा 1956 मध्ये कायद्याने रद्द झाली. लग्न जुळवताना मात्र अजून कूळ विचारतात.

त्या दिवशी परतताना सहकाऱ्याने विचारलं, ‘‘तुमच्याकडे असं काही नसेल, नाही?’’

मी सहामाहीच्या पेपरांचा विषय काढला.