उपद्रवाचा व्यापार

अमेरिकेतील टेक्सास राज्यात रानडुकरांच्या शिकारीचा एक दिवस विकत मिळतो. शहरात नोकरी करणारा एखादा माणूस सुटीच्या दिवशी पहाटे एकटाच मोटारीने निघतो आणि शेकडो एकरांच्या एखाद्या रँचच्या फाटकाशी येतो. अपघात झाल्यास मालक जबाबदार राहणार नाही अशा कागदावर तो सही करतो, ठरलेली रक्कम मोजतो. मालक त्याला हद्द दाखवतो : या तारेपलीकडे पाऊल टाकायचे नाही. मग वाऱ्याची दिशा पाहून तो मचाणावर जाऊन बसतो, कारण रानडुकराची नजर अधू असली तरी नाक विलक्षण तीक्ष्ण असते. समोर एक पिंप टांगलेले असते. त्याला घड्याळाची कळ बसवलेली असून ठरल्या वेळी त्यातून मका आपोआप जमिनीवर सांडतो. मक्याच्या आशेने कळप येतो, एक गोळी सुटते, एक जनावर पडते आणि बाकीचे झाडीत पांगतात. संध्याकाळी बर्फाच्या पेटीत मांस भरून हा माणूस शहराकडे परततो.

या माणसाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आठवडाभर दुसऱ्याच्या घड्याळावर राबणाऱ्याला एक दिवस रानातील शांतता हवीशी वाटली, तर त्यात गैर काही नाही. मारलेले जनावर तो स्वतः सोलतो आणि ते मांस त्याच्या घरी शिजते. निव्वळ मौजेखातर जीव घेणाऱ्या राजेरजवाड्यांच्या पंक्तीत त्याला बसवणे अन्यायाचे होईल. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या जनावराला तिथला शेतकरी आपला शत्रू समजतो, ज्याच्या निर्मूलनासाठी सरकारी तिजोरीतून पैसा खर्च होतो, त्याच जनावराला मका घालून जवळ बोलावले जाते ते कोणाच्या हितासाठी?

डुक्कर हा अमेरिकेचा मूळ रहिवासी नव्हे. कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियन बेटांवर पोहोचला आणि १५३९ मध्ये द सोटो या स्पॅनिश सरदाराच्या सैन्याबरोबर तो फ्लोरिडात उतरला. पुढे वसाहतवाल्यांनी डुकरे रानात मोकळी सोडली. दक्षिणेकडील राज्यांत कित्येक पिढ्या असा दंडक होता की कुंपण पिकाला घालायचे, जनावराला नाही. त्यामुळे ज्याच्याजवळ स्वतःची जमीन नाही अशा कुटुंबालाही चार डुकरे पाळता येत. ती कोणाच्याही रानात चरत आणि हिवाळ्यात घरात मांस येई. डुक्कर हे गरिबाचे भांडवल होते.

यादवी युद्धानंतर ही व्यवस्था मोडण्यात आली. १८७० आणि १८८० च्या दशकांत राज्याराज्यांतून असे कायदे झाले की जनावराच्या धन्याने जनावर कोंडून ठेवावे आणि दुसऱ्याच्या रानात परवानगीवाचून पाय ठेवू नये. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना आणि गरीब गोऱ्या शेतकऱ्यांना मोकळ्या रानाचा जो आधार होता तो त्यामुळे तुटला. रान बंद झाले की मजुरीखेरीज दुसरी वाट उरत नाही, हे जमीनदारांना पुरते ठाऊक होते. टेक्सासमध्ये याच सुमारास काटेरी तार आली. ग्लिडन याने तिचे पेटंट १८७४ मध्ये घेतले होते. मोठ्या पशुपालकांनी तारा ओढून कुरणे आणि पाणवठे बंद केले, तेव्हा १८८३ मध्ये लहान पशुपालकांनी रात्री-अपरात्री त्या तारा तोडल्या. त्यावर १८८४ मध्ये विधिमंडळाने तार तोडणे हा गंभीर गुन्हा ठरवला. आज त्या राज्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी मालकीची आहे.

या इतिहासातच आजच्या विसंगतीचे मूळ आहे. वन्य प्राणी ही जनतेची ठेव असून राज्य त्याचे केवळ विश्वस्त आहे, असे तत्त्व अमेरिकी कायद्याच्या परंपरेत मानले जाते. इंग्लंडच्या सरदारांप्रमाणे शिकारीवर वर्गाचा हक्क नको, या लोकशाही भूमिकेतून ते वाढले. परंतु सगळे रान तारेच्या आत गेल्यावर या तत्त्वाचे व्यवहारात काय उरते? मालकाने शिकाऱ्याला विकलेली वस्तू म्हणजे फाटक उघडण्याची परवानगी. ज्या रानात भूमिहीनाची डुकरे एकेकाळी फुकट चरत, त्याच रानात अर्धवट त्यांच्याच वंशातले डुक्कर मारण्यासाठी आज नोकरदाराला दिवसाचे भाडे द्यावे लागते. अर्धवट म्हणण्याचे कारण असे की विसाव्या शतकात धनिकांनी खास शिकारीसाठी युरोपातील रानडुकरे आणून सोडली. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे परगण्यात हे १९२० च्या दशकात घडले. पाळीव डुकरांच्या रानटी झालेल्या वंशाशी त्यांचा संकर झाला आणि आजचे चिवट जनावर तयार झाले.

आज अमेरिकेत अशी सुमारे ६० लाख डुकरे असावीत असा अंदाज आहे. १९८२ मध्ये वीसपेक्षा कमी राज्यांत असलेला हा प्राणी आता तिसाहून अधिक राज्यांत पसरला आहे. नुकत्याच पेरलेल्या मक्याच्या ओळीतून तो रात्रीत एकेक दाणा उकरून खातो. भुईमूग, ज्वारी, भात, काहीच सुटत नाही. मादी वर्षाची होण्याआधीच विण्यायोग्य होते आणि एका वेतात सर्वसाधारणपणे चार ते सहा पिले देते. संख्या आहे तेवढीच राखायची असली तरी दर वर्षी सुमारे दोन-तृतीयांश जनावरे काढावी लागतात, असे जाणकार सांगतात. मचाणावरच्या एकट्या शिकाऱ्याकडून हे होणे नाही. एक जनावर पडते, उरलेला कळप शहाणा होतो आणि शेजारच्या शेतात शिरतो.

टेक्सासच्या राज्यकर्त्यांनी यावर बंदुकीचाच उपाय वाढवत नेला. २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून डुकरे टिपण्यास मुभा मिळाली आणि लवकरच हेलिकॉप्टरमधल्या जागा विकण्याचा नवा धंदा उभा राहिला. २०१७ मध्ये गरम हवेच्या फुग्यातूनही गोळ्या झाडण्याची सोय झाली. २०१९ मध्ये, मालकाची संमती असल्यास खाजगी जमिनीवर रानडुकरे मारण्यासाठी शिकारीचा परवानाही लागेनासा झाला. एवढे करूनही डुकरे आहेतच. उलट त्यांची बाजारपेठ मात्र भरभराटली.

ज्या राज्यांनी उलट वाट धरली त्यांचा अनुभव पाहण्यासारखा आहे. टेनेसी राज्याने डुकरांना आळा बसावा म्हणून १९९९ मध्ये राज्यभर शिकार खुली केली. परिणाम असा झाला की जिथे डुकरे नव्हती तिथेही लोकांनी शिकारीच्या हौसेने ती चोरून नेऊन सोडली. २०११ मध्ये सरकारला धोरण फिरवावे लागले. कॅन्ससने २००६ मध्येच रानडुकरांच्या हौशी शिकारीवर बंदी घातली. मिसूरीने २०१६ मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर ती बंद केली आणि अख्खा कळप एकदम सापळ्यात धरण्याची पद्धत अवलंबली. न्यू यॉर्क राज्यात शिकारीच्या खाजगी आवारांतून निसटलेली डुकरे वाढू लागली होती. तिथे २०१३ मध्ये ती पाळण्या-आणण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला, पाठोपाठ मोकळ्या डुकरांची शिकारही बंद केली आणि सरकारी यंत्रणेने पद्धतशीर काम करून २०१६ मध्ये राज्य रानडुकरांपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले. न्यू यॉर्कमध्ये डुकरे थोडी होती आणि टेक्सासमध्ये अफाट आहेत, हा फरक आम्ही नाकारत नाही. पण धडा स्पष्ट आहे. जोवर उपद्रव विकून पैसा मिळतो, तोवर उपद्रव समूळ संपावा असे वाटणारे फारसे कोणी उरत नाही.

याचा भार कोणावर पडतो तेही पाहिले पाहिजे. डुकराला तारेची हद्द समजत नाही. एका मालकाच्या रानात मका खाऊन माजलेला कळप शेजारच्या भाडेकरू शेतकऱ्याच्या पिकात शिरतो. मिळकत एकाची, नुकसान दुसऱ्याचे. प्रश्न केवळ पिकाचाही नाही. २००६ मध्ये कॅलिफोर्नियात पिकलेल्या पालकातून घातक जंतूंची साथ अमेरिकेत पसरली, सुमारे २०० लोक आजारी पडले आणि तिघांचा मृत्यू झाला. तेच जंतू एका रँचच्या आवारात, गुरांच्या शेणात आणि रानडुकरांच्या विष्ठेतही सापडले. याच रँचची काही जमीन पालकाच्या लागवडीसाठी भाड्याने दिलेली होती. ते पिकापर्यंत नेमके कसे पोहोचले हे निश्चित झाले नाही. परंतु एका मालकाच्या कुंपणाआड काय चालते हा त्याचा खाजगी मामला नसतो, एवढे त्या घटनेने दाखवून दिले.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. दुष्काळ आणि गुरांचे पडते भाव यांनी गांजलेला लहान रँचवाला शिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या चार पैशांवर तग धरतो. त्याचा हा आधारही काढून घ्यायचा काय? त्याची अडचण खरी आहे. पण ज्या अर्थव्यवस्थेत शेतकऱ्याला पिकापेक्षा पिकाच्या शत्रूपासून अधिक भरवशाचे उत्पन्न मिळते, त्या अर्थव्यवस्थेचा दोष डुकराच्या माथी मारून चालणार नाही. शेतमालाला भाव आणि संकटात संरक्षण मिळाले, तर मक्याचे पिंप टांगण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.

टेक्सासची ही कहाणी आम्ही महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांपुढे ठेवतो याचे कारण उघड आहे. रानडुक्कर आपल्याकडे परके नाही. ते इथल्याच रानाचे आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षणही आहे. त्याच्या शिकारीचा रुबाबही आपण पाहिलेला आहे. इंग्रज अधिकारी घोड्यावर बसून भाल्याने डुकरे मारीत आणि त्या खेळावर बेडन-पॉवेल यांनी १८८९ मध्ये ग्रंथही लिहिला. साहेबाच्या खेळासाठी डुक्कर बंदुकीने मारणे असभ्य मानले जाई. ज्याच्या शेतात ते माजत होते त्या रयतेला त्या खेळात हाकाऱ्याखेरीज जागा नव्हती.

आज विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात शेतकरी रात्र-रात्र माळ्यावर बसून राखण करतो. रानडुक्कर आणि रोही यांनी उभे पीक लोळवले तर पंचनाम्यासाठी खेटे घालतो. पिकांची नासधूस करणारी ही जनावरे मारण्यास परवानगी देण्याची पद्धत राज्य शासनाने २०१५ मध्ये ठरवली; पण दोन एकरवाल्याने परवानगी मिळवायची केव्हा आणि बंदूक आणायची कोठून? अगतिक होऊन कोणी तारेत वीज सोडतो आणि सकाळी त्या तारेला शेजारचा शेतमजूर चिकटलेला सापडतो. अशा बातम्या आता नवीन राहिलेल्या नाहीत.

या अगतिकतेतूनच एक मागणी पुढे येते : शिकार खुली करा, हौशी बंदूकवाल्यांना बोलवा, पैसेही मिळतील. २०१६ मध्ये बिहारमधील मोकामा भागात बाहेरून आलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या, हे उदाहरण त्यासाठी दिले जाते. या वाटेने जाऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. शिकारीला एकदा बाजारभाव आला की डुक्कर राखणारे, मका टाकणारे आणि रानाला तार घालणारे हितसंबंध इथेही उभे राहतील, आणि मग शेतकऱ्याचे पीक दुय्यम ठरेल.

दुसरी वाट आहे आणि ती सामुदायिक आहे. कळपाला शिवेची हद्द नसते, म्हणून बंदोबस्तही गावागावांनी मिळून करायचा असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे व्यवस्थापन दिले. शिकारीचा हक्क मात्र त्यातून स्पष्टपणे वगळला. शिकार कोणालाही विकता येणार नाही या अटीवर, उपद्रवी कळपांबाबत निर्णय घेण्याचा अधिकार ग्रामसभेला का देऊ नये? सापळे आणि प्रशिक्षण वनखात्याने द्यावे. शिवारभर सामुदायिक कुंपणाचा खर्च शासनाने उचलावा. भरपाई मालकालाच नव्हे, तर ते पीक प्रत्यक्ष कसणाऱ्या बटाईदारालाही मिळावी. आणि जंगलातील चारा, पाणी व हिंस्र श्वापदे टिकली तरच डुकरांची संख्या रानात राहील, हे भान कोणी सोडू नये.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात रात्रीच्या राखणीला एकदा तरी शेतकऱ्याबरोबर माळ्यावर बसावे आणि मग ग्रामसभेत हा विषय मांडावा. टेक्सासच्या मचाणावरचा माणूस दिवसभराचे भाडे भरून तिथे बसलेला असतो. आपला शेतकरी स्वतःच्याच शेतात झोपेचे मोल देऊन बसतो. त्याची ही राखण संपावी म्हणून संघटना उभी करणे हे आपले काम आहे.