दुर्बिणीचे मोजमाप

दिवाळीनंतर आकाश निवळते आणि मुलांच्या मागण्यांत अलीकडे दुर्बिणीचीही भर पडू लागली आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्या घरांना, प्रतिक्रमणाचा वेळ वगळता, संध्याकाळी गच्चीवर जाण्यास सवड असते. मागणी रास्त आहे. जपायचे आहे ते खरेदीत.

स्वस्त दुर्बीण बहुधा खोक्यावरील ‘525 पट’ अशा आकड्यावर विकली जाते. हा आकडा जोडभिंगे चढवून कागदावर साधलेला असतो. भिंगाच्या व्यासाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे दोन पट, ही उपयुक्त वर्धनाची मर्यादा. 60 मिलिमीटरच्या दुर्बिणीला 120 पट पुष्कळ झाले. त्यापुढे ग्रह मोठा दिसतो, पण धूसर. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे खोटी मापे, गणली आहेत. व्यापारी घराने खोक्यावरचा आकडा त्याच नजरेने वाचावा.

पाहण्याजोगा आकडा व्यासाचा. 70 मिलिमीटरचे भिंग 50 च्या भिंगापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रकाश गोळा करते. नळीचे नाभीय अंतर 700 मिलिमीटर असेल आणि डोळ्याकडील भिंग, म्हणजे आयपीस, 10 मिलिमीटरचे असेल, तर वर्धन 70 पट. एवढ्यात गुरूवरचे पट्टे, शुक्राच्या कला आणि शनीची कडी दिसतात. 2025 मध्ये ही कडी कडेने समोर आल्याने रेषेसारखी भासली. 2032 च्या सुमारापर्यंत ती अधिकाधिक उघडत जातील. मंगळ मात्र बहुतेक काळ लहानशी नारिंगी टिकलीच राहतो. रंगीत छायाचित्रे पाहून बसलेल्या मुलाला हे आधीच सांगावे, नाहीतर ते हिरमुसते.

दुर्बिणीइतकेच पैसे तिपाईचे आहेत असे समजावे. डळमळीत तिपाईवर बोटाचा स्पर्श झाला तरी ग्रह दृष्टीबाहेर जातो, आणि पुष्कळ दुर्बिणी माळ्यावर जातात त्या याच कारणाने.

दहा-पंधरा हजार रुपये खर्चायचे नसतील, तर 10×50 ची द्विनेत्री घ्यावी. कोपरे कठड्यावर टेकवून पाहिले, तर गॅलिलिओने जानेवारी 1610 मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र तिच्यातूनही दिसतात. शनीची कडी तिच्यात वेगळी दिसत नाहीत, ही तिची उणीव. मुलाचा उत्साह ओसरलाच, तरी यात्रेत ती कामी येते!

खरेदीपूर्वी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहावे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून, तर मुंबईत खगोल मंडळ 1985 पासून आकाशदर्शनाची आवड जोपासत आहे.

काही खोक्यांत आयपीसवर बसवायची गडद ‘सूर्यकाच’ मिळते. दुर्बिणीने एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते आणि क्षणात डोळा जातो. ती काच घरी येताच मोडून टाकावी, आणि दिवसा दुर्बीण कुलपात ठेवावी.