अर्धशक्ती आणि बेचाळीस किलोमीटर

लोणार तालुक्यातील आमच्या सुलतानपुरात पहाटे पाचच्या सुमारास लोणारच्या रस्त्याकडे निघाले की अंधारातून धावणाऱ्या पावलांचा आवाज येतो. ही शेतकऱ्यांची मुले आहेत. कोणी पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करीत असतो, कोणी सैन्यभरतीची. अलीकडे काहीजण शहरांतील मॅरेथॉन स्पर्धांनाही जाऊ लागले आहेत. त्यांपैकी एक तरुण गेल्या हिवाळ्यात आमच्या चिकित्सालयात आला. व्याधी काहीच नव्हती. "डॉक्टरसाहेब, दम लागू नये अशी एखादी आयुर्वेदिक गोळी द्या. आयुर्वेदिक म्हटल्यावर अपाय तर काही होत नाही," असे तो म्हणाला. या एका वाक्यात आपल्या शास्त्राविषयीचा विश्वास आहे आणि गैरसमजही आहे. त्याला काय द्यावे, हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, आपल्या सर्वांच्या व्यवसायाचा आहे. म्हणून तो येथे मांडीत आहोत.

याविषयी लिहिण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे तो आमच्या चुकीमुळे. जानेवारी २०१९ मध्ये, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, आम्ही मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावलो. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पहाटेच्या अंधारात निघालो तेव्हा हवा सुखद होती. मरीन ड्राइव्ह, हाजी अली, वरळी, पुढे सागरी सेतू. पहिला अर्धा टप्पा आम्ही अक्षरशः हसतखेळत पार केला. शेजारून धावणारे अनोळखी लोक नावगाव विचारीत होते आणि सुलतानपूर कोठे आले हे आम्ही धावता धावता सांगत होतो. परतीच्या वाटेवर ऊन चढले, बोलणे थांबले. बत्तीस किलोमीटरच्या आसपास पिंढऱ्यांत गोळे आले आणि पेडर रोडचा चढ, जो जाताना जाणवलाही नव्हता, तो भिंतीसारखा समोर उभा राहिला. एका सहधावकाने सहृदयतेने खिशातील वेदनाशामक गोळी पुढे केली. ती घेण्याचा मोह झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. शरीरातील जलांश घटलेला असताना आणि मांसपेशींवर ताण असताना अशा गोळ्या वृक्कांना इजा करू शकतात, हे ठाऊक असल्याने नकार दिला आणि उरलेले अंतर बव्हंशी चालत पुरे केले. पुढे पंधरा दिवस जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागला.

कारण शोधण्यास दूर जाण्याची गरज नव्हती. आमची तयारी चार महिन्यांची होती. त्यातही दिवाळीत खंड पडला आणि तो भरून काढण्यासाठी शेवटच्या महिन्यात धावण्याचे अंतर एकदम दुप्पट केले. अहिताचा त्याग आणि हिताचा स्वीकार पादांशाने, क्रमाक्रमाने करावा, असे चरकाचार्य सूत्रस्थानात सांगतात. हा पादांशिक क्रम आम्ही रुग्णांना चहा-तंबाखू सोडवताना रोज समजावतो. स्वतःच्या पायांच्या बाबतीत मात्र तो विसरलो.

येथे एक आक्षेप आपल्यातूनच येतो. वाग्भटाचार्यांनी व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे म्हटले आहे, तोही बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्याने, शीतकालात व वसंतात. अन्य ऋतूंत त्याहून मंद. अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर आणि छर्दी होतात, असा स्पष्ट इशारा आहे. हत्तीला ओढू पाहणारा सिंह जसा नाश पावतो तसा अतिसाहस करणारा, हा दृष्टान्तही तेथलाच. मग मॅरेथॉन हे सरळ सरळ अहितकर कर्म नव्हे काय?

आमच्या मते स्पर्धेच्या दिवशी अर्धशक्तीची मर्यादा ओलांडली जाते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु अर्धशक्ती हे सर्वांसाठी एकच ठरलेले अंतर नाही. बल अभ्यासाने वाढते आणि एकाचा अतिव्यायाम तो दुसऱ्याचा नित्य व्यायाम असतो. म्हणूनच दशविध परीक्षेत चरकांनी व्यायामशक्तीला स्वतंत्र स्थान दिले आणि कर्म करण्याच्या सामर्थ्यावरून ती प्रवर, मध्यम वा अवर ठरवावी असे सांगितले. प्रकृती, सार, सत्त्व यांवर आपण भरभरून बोलतो. व्यायामशक्तीचा रकाना आपल्यापैकी कितीजण भरतात?

आमच्याच जिल्ह्याच्या मूळ रहिवासी असलेल्या श्रीमती लता भगवान करे यांचे उदाहरण येथे मननीय आहे. पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या, साठी ओलांडलेल्या या मजूर स्त्रीने २०१३ मध्ये बारामतीच्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठ नागरिकांची शर्यत नऊवारी नेसून, अनवाणी धावून जिंकली. पतीच्या तपासणीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. त्यांच्या जीवनावरील मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. वृद्धांनी व्यायाम वर्ज्य करावा हे वचन शब्दशः लावले तर त्यांना आपण प्रारंभरेषेवरूनच परत पाठविले असते. त्यांचे वय वृद्धाचे होते. पण जन्मभराच्या कष्टांनी आणि चालण्याने श्रम हेच सात्म्य झाले होते. मात्र या कथेवरून कोणीही साठीत उठून धावावे, असा अर्थ कोणी काढू नये. त्यांना धावण्याची वेळ आली ती औषधोपचाराच्या खर्चामुळे, ही गोष्ट आपल्यासारख्या चिकित्सा-व्यावसायिकांनी कौतुकाच्या भरात विसरता कामा नये.

आता त्या 'दम न लागण्याच्या गोळी'कडे वळू. १९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथील ऑलिंपिकमध्ये थॉमस हिक्स या धावकाने मॅरेथॉन जिंकली. ऊन आणि धूळ अपार होती, वाटेत पाणी जवळपास नव्हते. त्याच्या साहाय्यकांनी त्याला वाटेत अंड्याच्या पांढऱ्या भागातून स्ट्रिक्नीन दिले, पुढे ब्रँडीसह पुन्हा दिले. तो अंतिम रेषेपर्यंत कसाबसा आणला गेला आणि तेथे कोसळला. विजेता ठरला, पण मरता मरता वाचला. हे स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्या कुपीलूतील, म्हणजेच कुचल्यातील द्रव्य. विषतिंदुक वटी आणि अग्नितुंडी वटी आपल्या प्रत्येक दुकानात असतात. शोधित कुपीलू योग्य रुग्णात, योग्य मात्रेत उत्तम औषध आहे याविषयी दुमत नाही. परंतु औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये त्याची गणना विषद्रव्यांत आहे आणि अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना बंधनकारक आहे. स्ट्रिक्नीन हे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीतही आहे. सोमकल्पातील इफेड्रीनवरही स्पर्धाकाळात निर्बंध आहेत. खेळाडूच्या मूत्रात हे द्रव्य सापडले तर 'ते आयुर्वेदिक होते' हा बचाव चालत नाही. उत्तेजनाने शक्ती वाढत नाही; थकव्याची सूचना तेवढी दबते. आणि ती सूचना हाच तर अर्धशक्तीचा पहारेकरी आहे.

पाण्याविषयीही एक शब्द. 'जितके प्याल तितके चांगले' हा सल्ला घातक ठरू शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावकांच्या रक्ततपासणीचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १३ टक्के धावकांच्या रक्तातील सोडियम प्रमाणाबाहेर उतरलेले होते आणि अतिजलपान हे त्याचे प्रमुख कारण होते. तहानेप्रमाणे पाणी घ्यावे. धावून झाल्यावर मीठ घातलेली पातळ पेज किंवा लाह्यांचा मंड हे आपल्या घरातील उत्तम साधन आहे.

आम्ही त्या तरुणाला गोळी दिली नाही. त्याची व्यायामशक्ती पाहिली, अग्नी व निद्रा विचारली, घरात कोणास हृद्रोग आहे का हे विचारले. मग सांगितले, की सरावात धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे; तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबण्याची वेळ झाली. सुश्रुताचार्यांनी सांगितलेले अर्धशक्तीचे लक्षण याहून फारसे वेगळे नाही. अंतर आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवावे, रोज पायांना तीळतेलाचा अभ्यंग करावा, अजीर्ण असता धावू नये. छातीत दुखले, भोवळ आली किंवा धावल्यानंतर लघवी काळसर झाली, तर काढा शोधत न बसता तडक रुग्णालय गाठावे. तो थोडा हिरमुसून गेला, हे कबूल केले पाहिजे. गोळी मिळाली असती तर तो अधिक आनंदाने गेला असता आणि आमच्या गल्ल्यातही चार पैसे पडले असते.

औषधी विक्रेत्या बंधूंना म्हणूनच आमची विनंती आहे, की 'स्टॅमिना' मागणाऱ्या तरुणाच्या हाती कुपीलूयुक्त वटी परस्पर देऊ नये. त्याला वैद्याकडे पाठवावे. आणि वैद्यबंधू-भगिनींनी, अशा तरुणाला 'धावू नकोस' किंवा 'हे घे' असे सांगण्यापूर्वी, दशविध परीक्षेतील तो रिकामा रकाना भरावा.