गुडघे दुखतात म्हणून खाट धरू नका

एका भगिनीने विचारले आहे : "सासूबाईंचे वय साठ. दोन्ही गुडघे दुखतात, उठताना कटकट वाजतात. आम्ही त्यांचे शेतात जाणे बंद केले, घरातले कामही काढून घेतले. तरी दुखणे वाढतेच आहे. आमचे काय चुकते?"

ताई, तुमची माया खरी, पण उपाय उलटा झाला. उतारवयात सांध्यातील हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजते. ती पहिल्यासारखी भरून येत नाही. मात्र गुडघ्याला मांडीच्या स्नायूंचा मोठा आधार असतो. माणूस बसून राहिला की हे स्नायू रोडावतात, अंग जड होते आणि गुडघ्यावर जास्त ताण येतो.

तेव्हा सासूबाईंना रोज सपाट वाटेने झेपेल तेवढे चालू द्या. जो गुडघा जास्त दुखतो, त्याच्या विरुद्ध हातात काठी असावी. सकाळ-संध्याकाळ खुर्चीवर बसून एक पाय समोर ताठ करावा, पाच अंक मोजून खाली घ्यावा. असे दहा वेळा, मग दुसरा पाय. थोडे दुखले तर घाबरू नये. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले तर व्यायाम कमी करावा, सोडू नये.

वजन जास्त असेल तर उतरवावे. १ किलो वजन घटले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी हलका होतो.

उकिडवे बसणे टाळावे. स्वयंपाक ओट्याशी, भाजी निवडणे स्टुलावर, शौचाला मध्ये भोक असलेली खुर्ची. डोक्यावर हंडा नको. खुरपणीऐवजी खुर्चीवर बसून शेंगा फोडाव्यात. दुखऱ्या गुडघ्याला सोसवेल असा शेक द्यावा.

बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून सावध राहा. त्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. चार दिवस बरे वाटते, पण पुढे रक्तातील साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी चालू असेल तर मनाने एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा. वेदनाशामक गोळ्याही त्यांना विचारूनच घ्याव्यात.

गुडघा लाल, गरम होऊन सुजला किंवा सोबत ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ताई, सासूबाईंचे काम काढून घेऊ नका, कामाची बैठक तेवढी बदला.