मकरसंक्रांत म्हणजे उत्तरायणाचा आरंभ नव्हे

मकरसंक्रांतीच्या दिवशी सूर्याचे उत्तरायण सुरू होते आणि तेव्हापासून दिवस तिळातिळाने मोठा होऊ लागतो, हे विधान महाराष्ट्रात इतक्या सहजपणे केले जाते की, त्यात दोन निरनिराळ्या घटना एकत्र गुंफल्या गेल्या आहेत याची शंकाही बहुतेकांना येत नाही. वर्तमानपत्रांतील सणविशेष लेखांतून, शालेय भाषणांतून आणि कीर्तनांतून ते पिढ्यान् पिढ्या उच्चारले जाते. मात्र आज ते सत्य नाही आणि गेली अनेक शतके सत्य नव्हते. ज्या काळी ते सत्य होते, त्या काळी ते सत्य का होते, हे समजून घेणे म्हणजेच आकाशशास्त्राच्या प्राथमिक संज्ञा नीट समजून घेणे होय.

प्रथम उत्तरायण ही संज्ञा पाहावी. पृथ्वीचा अक्ष तिच्या कक्षेच्या प्रतलाशी काटकोनात नसून लंबापासून सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे. त्यामुळे सूर्याचा आकाशातील वार्षिक भासमान मार्ग, म्हणजे क्रांतिवृत्त, आणि आकाशातील विषुववृत्त ही दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात आणि सूर्य वर्षातून काही महिने विषुववृत्ताच्या उत्तरेस, तर काही महिने दक्षिणेस दिसतो. दक्षिणेकडील टोक गाठून तो ज्या क्षणी उत्तरेकडे वळतो तो क्षण उत्तरायणाचा आरंभ होय, आणि तो २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. अयन म्हणजे गमन. सूर्य उत्तर गोलार्धात असणे आणि सूर्य उत्तरेकडे सरकत असणे या भिन्न गोष्टी आहेत. डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चमधील विषुवदिनापर्यंत सूर्य दक्षिण गोलातच असतो, तरी त्याचे गमन उत्तरेकडेच चाललेले असते. ग्रंथांतून 'अयन' आणि 'गोल' असे दोन शब्द याच कारणाने स्वतंत्र ठेवले गेले आणि ते एकमेकांच्या जागी वापरणे हा शुद्ध घोटाळा आहे.

हे पडताळण्यासाठी दुर्बीण लागत नाही. सपाट जमिनीवर शंभर सेंटिमीटर उंचीची काठी ओळंब्यात उभी करावी. प्राचीन ज्योतिषी हिलाच शंकू म्हणत. पुण्याच्या अक्षांशावर या काठीची माध्यान्हीची छाया २१ डिसेंबरला सुमारे ९० सेंटिमीटर, म्हणजे वर्षातील सर्वांत लांब, भरते आणि संक्रांतीच्या दिवशी ती ८३ सेंटिमीटरच्या आसपास आलेली असते. छाया आखूड होऊ लागून तीन आठवडे उलटून गेल्यावर उत्तरायण सुरू होते असे म्हणणे म्हणजे गाडीने दोन स्टेशने मागे टाकल्यावर ती सुटली असे जाहीर करण्यासारखे आहे. अयनदिनाच्या आसपासच्या चार-पाच दिवसांत छायेतील फरक काही मिलिमीटरच असतो, म्हणून तो दिवस थेट ओळखणे कठीण जाते, ही अडचण खरी आहे. परंतु तिच्यावर जुनाच उपाय आहे. संक्रांतीइतकीच छाया आधी केव्हा पडली होती ते पाहिल्यास नोव्हेंबर संपण्याच्या दोन-तीन दिवस आधीची तारीख मिळते आणि त्या दोन तारखांचा मध्य काढला की २१ डिसेंबरच्या आसपास येतो.

मग मकरसंक्रांत म्हणजे काय? सूर्याचा निरयन मकर राशीत प्रवेश. राशी म्हणजे क्रांतिवृत्ताचे ३० अंशांचे बारा समान भाग होत, आणि हे भाग कोठून मोजायचे यावर सारे अवलंबून असते. क्रांतिवृत्त व विषुववृत्त जेथे छेदतात त्या वसंतसंपातापासून मोजल्या तर त्या सायन राशी होतात. ताऱ्यांच्या संदर्भाने ठरविलेल्या स्थिर बिंदूपासून मोजल्या तर निरयन. सायन मकरारंभ आणि उत्तरायणारंभ हे व्याख्येनेच एक आहेत. निरयन मकरारंभाचा अयनाशी असा कोणताही बांधलेला संबंध नाही, कारण संपात ताऱ्यांमध्ये स्थिर राहत नाही. पृथ्वी विषुववृत्ताशी किंचित फुगीर आहे. त्या फुगवट्यावरील सूर्यचंद्रांच्या ओढीमुळे तिचा अक्ष भोवऱ्याच्या अक्षाप्रमाणे मंद गतीने फिरतो आणि संपात दर वर्षी सुमारे ५०.३ विकला, म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक अंश, मागे सरकतो. यालाच संपातचलन म्हणतात, आणि स्थिर आरंभबिंदू व संपात यांच्यातील साठलेल्या अंतराला अयनांश. ते आज चित्रापक्षाने, म्हणजे चित्रा तारा १८० अंशांवर धरून मोजल्यास, २४ अंशांहून थोडे अधिक आहे. डिसेंबरचा अयनदिन आणि जानेवारीतील संक्रांत यांमधील तीन आठवड्यांहून अधिकचे अंतर नेमके त्याचेच आहे.

आता पूर्वपक्षाचे सर्वांत वजनदार म्हणणे पाहावे: शास्त्रकारांनीच मकरारंभी उत्तरायण सांगितले आहे, मग ते चुकले काय? ते चुकले नव्हते. चित्रा तारा १८० अंशांवर धरून मोजल्यास इ.स. २८५ च्या सुमारास, आणि रेवतीच्या योगतारेपासून मोजल्यास सहाव्या शतकात, दोन्ही आरंभबिंदू एकत्र होते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत स्पष्ट नोंदविले आहे की, पूर्वी उत्तरायण धनिष्ठारंभी होत असे, आपल्या काळी ते मकरारंभी होते आणि यात फरक पडल्यास प्रत्यक्ष वेध घेऊन निर्णय करावा. परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी या शेवटच्या सूचनेकडे पाठ फिरविली आहे. धनिष्ठारंभाचे हे वेदांगज्योतिषातील विधान वराहमिहिराने आपल्या काळासाठी बदलले. त्याचे विधान दीड हजार वर्षे तसेच गिरविणे ही त्याच्याशी निष्ठा नव्हे. संपातचलन असेच चालू राहणार असल्याने सुमारे अकरा हजार वर्षांनी निरयन मकरसंक्रांत दक्षिणायनाच्या आरंभी येईल. तेव्हाही संक्रांतीलाच उत्तरायण म्हणावयाचे काय?

संक्रांतीची तारीखसुद्धा जागेवर राहिलेली नाही. नाक्षत्र वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असल्याने साधारण ७१ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला. आज ती १४ किंवा १५ जानेवारीस येते. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी संक्रांतीच्याच दिवशी झाला, अशी महाराष्ट्रात रुजलेली समजूत याच हिशेबाने गळून पडते, कारण त्या वर्षीची संक्रांत चार दिवस आधी, १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. मराठी मनाला जिव्हारी लागलेला तो दिवस संक्रांतीविना काही कमी दारुण ठरत नाही.

'दिवस तिळातिळाने वाढतो' या अनुभवाचा दाखला दिला जातो, त्याचाही विचार केला पाहिजे, कारण तो सर्वस्वी पोकळ नाही. संक्रांतीपर्यंत पुण्याकडील दिवस सहा-सात मिनिटांनी वाढलेला असतो. परंतु ही वाढ संध्याकाळच्या बाजूने झालेली असते. पृथ्वीच्या कक्षेची लंबवर्तुळाकृती आणि अक्षाचा कल यांमुळे घड्याळाचा मध्यान्ह व सूर्याचा मध्यान्ह वर्षभर जुळत नाहीत. परिणामी मुंबई-पुण्याकडे सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात होतो, तर सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यानंतर. घड्याळ पाहून उठणाऱ्याला पहाट संक्रांतीनंतरच लवकर होऊ लागल्याचे जाणवते, आणि ते खरे आहे. परंतु ती घड्याळाची गोष्ट झाली. दिनमानाची आणि अयनाची नव्हे.

दुसऱ्या टोकाचा आक्षेपही तितकाच चुकीचा आहे. काही सुधारक निरयन गणना ही निव्वळ फसवणूक ठरवितात आणि आकाशातील 'खरी' मकर पुढे करतात. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ८८ तारकासमूहांच्या सीमा आखल्या आणि त्या १९३० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांनुसार सूर्य मकर तारकासमूहात २० जानेवारीच्या सुमारास शिरतो आणि त्याआधी, डिसेंबरच्या पूर्वार्धात, भुजंगधारी या तेराव्या समूहातूनही जातो. तथापि तारकासमूह म्हणजे लहानमोठे, वाकड्यातिकड्या सीमांचे प्रदेश आणि राशी म्हणजे मोजणीसाठी केलेले समान भाग. एकाच्या सीमांवरून दुसऱ्याला खोटे ठरविता येत नाही. चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे हे डोळ्यांनी पाहून सांगण्यास नाक्षत्र मोजणी उपयोगी आहे. मात्र तिचा आरंभबिंदू संकेताने ठरतो, हे मान्य केले पाहिजे. टिळक पंचांग रेवतीपक्षाचे असल्याने त्यातील मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, हा त्याचा घरचा पुरावा होय.

महाराष्ट्रात हा वाद नवा नाही. केरो लक्ष्मण छत्रे, विसाजी रघुनाथ लेले, व्यंकटेश बापूजी केतकर यांनी पंचांगशुद्धीसाठी आयुष्याची वर्षे खर्चिली आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त सायन-निरयनाची चर्चा सविस्तर केली. त्यांच्या मतांत अंतर होते, परंतु संज्ञांत गोंधळ नव्हता. इतकी तयारी करून ठेवणाऱ्या भाषेत आज दोन संज्ञांची सरमिसळ निर्धास्तपणे छापली जावी, हे खेदाचे आहे.

संक्रांतीचा सण, तिळगूळ आणि हळदीकुंकू यांना यातून काहीच बाध येत नाही; सूर्याचा निरयन मकरप्रवेश ही नोंदण्याजोगी घटना आहे आणि ती त्याच नावाने साजरी व्हावी. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि संपादकांनी एवढेच करावे की, उत्तरायणारंभ २१-२२ डिसेंबरला आणि मकरसंक्रांत जानेवारीत, अशी दोन वेगळी वाक्ये लिहावीत. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून अमलात आलेली राष्ट्रीय दिनदर्शिका ऋतुवर्षावर आधारलेली आहे, आणि तिच्यातील पौष महिन्याची पहिली तारीख २२ डिसेंबर ही आहे.