विश्लेषण : अवजड हेलिकॉप्टर मोजकी, कामे डोंगराएवढी!

केदारनाथमध्ये नादुरुस्त होऊन पडलेले एक खासगी हेलिकॉप्टर ३१ ऑगस्ट २०२४ रोजी हवाई दलाच्या ‘एमआय-१७’ने खाली टांगून गौचरकडे नेण्यास सुरुवात केली. वजन आणि वाऱ्यामुळे तोल जाऊ लागला आणि वैमानिकाला ते ओझे वाटेतच सोडून द्यावे लागले. जीवितहानी झाली नाही. पण हिमालयात अवजड हेलिकॉप्टर का लागतात, हे त्या घटनेने दाखवले.

उंचीवर क्षमता का घटते?

हवा विरळ झाली की पात्यांना कमी उचल मिळते, इंजिनाची ताकदही उतरते. त्यामुळे ‘चिनूक’ सुमारे १० टन वाहते हे खरे असले, तरी १६ हजार फुटांवरील दौलत बेग ओल्डीला हा आकडा लागू पडत नाही. तेथे इंधन कमी भरून किंवा सामान उतरवून वजनाचा मेळ घालावा लागतो. म्हणजेच फेऱ्या वाढतात. ‘एम-७७७’ तोफ जेमतेम सव्वाचार टनांची, म्हणूनच ती टांगून नेता येते. मात्र दारूगोळा आणि तोफची यांच्याविना नुसती तोफ डोंगरावर पोहोचून उपयोग काय?

‘चिनूक’ वेगळे कसे?

दोन मोठे पंखे परस्परविरुद्ध दिशेने फिरतात. त्यामुळे शेपटीच्या पंख्यावर ताकद खर्च होत नाही. सगळी उचलण्यासाठी वापरता येते. अरुंद कड्यावर केवळ मागची चाके टेकवून, मागच्या दारातून सैनिक उतरवण्याची कसरतही ते करते.

आधीच्या ‘एमआय-२६’चे काय झाले?

रशियन बनावटीचे हे अजस्र यंत्र २० टन उचलते. २००२ मध्ये अफगाणिस्तानात अमेरिकेचे पडलेले चिनूकच एका एमआय-२६ने उचलून आणले होते! भारताकडे अशी चार होती. त्यांतील एक २०१० मध्ये जम्मूत अपघातग्रस्त झाले. उरलेली मोठ्या दुरुस्तीच्या प्रतीक्षेत जमिनीवरच राहिली.

खरी अडचण कोणती?

संख्या. २०१५ च्या करारानुसार आलेली चिनूक अवघी १५ असून ती चंडीगड आणि आसाम अशा दोन टोकांना विभागलेली आहेत. त्यांतील काही नेहमीच देखभालीत असणार. सीमेवर तणाव आणि डोंगरात महापूर एकाच वेळी आले, तर आधी कुठे धावायचे? हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे प्रस्तावित बहुउद्देशीय हेलिकॉप्टर स्वतःच्या वजनासह १३ टनांचे, म्हणजे मध्यम गटातले. त्यामुळे अवजड गटात परावलंबन कायम राहते. ऑगस्ट २०२२ मध्ये इंजिनांना आगी लागल्याने अमेरिकी लष्कराने आपली चिनूक उड्डाणे थांबवली. भारताची सुरू राहिली. पण नेमके बिघडले काय, याचा तपशील बोइंगकडेच मागावा लागला.